एक ‘जर’ आणि दहा ‘तर’

पोळ्याला आपल्याकडे मातीचे बैल करतात. कुंभार करतो, घरची पोरेही करतात. त्या बैलाची शिंगे अंगाच्या मानाने मोठी असतात आणि वशिंड तर त्याहून मोठे. पण त्याबद्दल कुंभाराशी कोणी भांडत नाही. बैल पुजायला हवा असतो, मोजायला नव्हे. मात्र शाळेच्या प्रदर्शनात एखाद्या मुलाने धरणाची प्रतिकृती मांडली, की गुरुजी पहिला प्रश्न विचारतात, ‘प्रमाण काय धरलेस?’ खेळणे आणि प्रतिकृती यांत फरक आहे तो एवढाच. खेळणे आठवण देते, प्रतिकृती माप देते.

श्रोतेहो, आज मी ज्या प्रतिकृतीविषयी बोलणार आहे ती एका लढाऊ जेट विमानाची आहे. गंमत अशी, की ते विमान प्रत्यक्षात कधी झालेच नाही. ते होऊ शकले असते, त्याचा विचारही झाला होता, पण ते झाले नाही. असे विमान तीन वेगवेगळ्या विमानांच्या संचांतून, ज्यांना आपण ‘किट’ म्हणतो त्यांतून, कापून जोडून तयार करता येते. जगभर हा छंद आहे. आता कोणी म्हणेल, ‘जे झालेच नाही त्याची प्रतिकृती कशाला? आणि आमच्या शेतकऱ्याला, शिक्षकाला त्याचा उपयोग काय?’ उपयोग आहे. तो कसा, ते ओळीने सांगतो.

आधी किट म्हणजे काय ते पाहू. प्लॅस्टिकच्या काड्यांच्या चौकटीला विमानाचे सुटे भाग चिकटलेले असतात: धडाचे दोन अर्धे, पंख, शेपूट, चाके, वैमानिकाची खुर्ची. ते कापून काढायचे, घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. इंग्लंडातील एअरफिक्स कंपनीने १९५३ साली स्पिटफायर विमानाचे किट काढले, तेव्हापासून हा छंद घरोघर पसरला. यात फार चालणारे प्रमाण म्हणजे एकास बहात्तर. हा बहात्तर आकडा फूट-इंचांच्या हिशेबात सोपा पडतो. खऱ्या विमानाचे सहा फूट म्हणजे बहात्तर इंच. त्यांचा प्रतिकृतीत होतो एक इंच. सहा फुटी माणूस या प्रमाणात बोटाच्या पेराएवढा दिसतो.

हे भाग चिकटवण्याची रीत खान्देशातल्या बागाईतदाराला नवी नाही. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत पाइप जोडताना आपण ‘सोल्युशन’ लावतो. ते डिंकासारखे मधे बसून राहत नाही. ते पाइपाचा पृष्ठभाग किंचित विरघळवते, दोन्ही पृष्ठभाग एकमेकांत मिसळतात, आणि सुकल्यावर जोड एकजीव होतो. किटचे प्लॅस्टिक वेगळ्या जातीचे आणि त्याचे सिमेंटही वेगळे, पण तत्त्व तेच. म्हणून दोन निरनिराळ्या किटांचे भागही एकमेकांना पक्के जुळतात. हे एक प्रकारचे कलमच म्हणा ना! खुंट एका झाडाचा, डोळा दुसऱ्या झाडाचा. सिनेमावाल्यांनीही ही युक्ती वापरली. १९७७ साली आलेल्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातली अवकाशयाने सजवताना कारागिरांनी रणगाड्यांच्या आणि विमानांच्या किटांतले असंख्य सुटे भाग लावले होते. पण तिथे दिसायला चांगले दिसले, की काम झाले. आपल्याला तेवढ्यावर भागवायचे नाही.

आता आपले विमान. त्याचे नाव मरुत, पूर्ण नाव एचएफ-२४ मरुत. भारतात आखलेले आणि भारतात बांधलेले हे पहिले लढाऊ जेट. दुसऱ्या महायुद्धातल्या नावाजलेल्या विमानांचे जर्मन आराखडाकार कुर्ट टँक १९५६ साली बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात आले आणि आपल्या तरुण अभियंत्यांबरोबर कामाला लागले. १९५९ मध्ये आधी त्याच आकाराचे लाकडी, बिनइंजिनाचे विमान उडवून पाहिले. मग १९६१ च्या जून महिन्यात सुरंजन दास या वैमानिकाने खरे मरुत प्रथम आकाशात नेले. पुढे हवाई दलाच्या तीन तुकड्यांनी ते वापरले. १९७१ च्या डिसेंबरमधल्या युद्धात ते राजस्थानच्या आघाडीवर लढले. एकंदर सुमारे १४७ मरुत बांधली गेली, आणि १९९० पर्यंत ती सेवेतून निवृत्त झाली.

मग उणे कुठे पडले? इंजिनात. मरुतचा आराखडा ब्रिटनमधल्या ऑर्फियस-१२ या इंजिनासाठी केला होता. मागच्या नळीत पुन्हा इंधन पेटवून जादा जोर देण्याची सोय त्यात होती. ती सोय वापरली, की एका इंजिनाचा रेटा सुमारे ३७०० किलो मिळणार होता. पण ब्रिटनला स्वतःला त्या इंजिनाची गरज उरली नाही. पुढच्या विकासाचा खर्च भारताने उचलावा, अशी त्यांची अपेक्षा होती. ते जमले नाही, आणि ते इंजिन कधी तयारच झाले नाही. मग बंगलोरला बनत असलेले साधे ऑर्फियस-७०३ मरुतला बसवले. त्याचा रेटा सुमारे २२०० किलो.

शिक्षकांनी हा हिशेब फळ्यावर मांडावा. भरलेल्या मरुतचे वजन साधारण नऊ हजार किलो. दोन इंजिनांचा मिळून रेटा ४४०० किलो, म्हणजे वजनाच्या निम्म्याला किंचित कमी. ठरलेली इंजिने मिळाली असती, तर तोच आकडा ७४०० वर गेला असता. ध्वनीच्या वेगाच्या पुष्कळ पुढे जाण्यासाठी आखलेले अंग ध्वनीच्या वेगापाशीच अडखळत राहिले. चार बैलांचा नांगर दोन बैलांना ओढायला लावावा, तसे ते झाले.

दुसरे इंजिन शोधण्याचे प्रयत्न झाले. इजिप्तमध्ये त्या वेळी एक इंजिन तयार होत होते. १९६७ मध्ये एक मरुत तिकडे नेऊन, त्यात एका बाजूला ते इंजिन बसवून उडवूनही पाहिले. पण १९६९ च्या सुमारास तो उद्योगच थांबला. आपल्याच अभियंत्यांनी ऑर्फियसच्या मागे इंधन पेटवण्याची सोय करून पाहिली, तेव्हा रुंद झालेल्या मागच्या भागामुळे हवेचा अडथळा वाढला. अशाच चाचणीच्या विमानाला १० जानेवारी १९७० रोजी अपघात होऊन सुरंजन दास मृत्युमुखी पडले. त्यानंतरच्या वर्षांत मरुतवरून पुढे एचएफ-७३ नावाचे विमान काढावे, आणि ब्रिटन, जर्मनी व इटली यांच्या टोर्नेडो विमानासाठी होत असलेले आरबी-१९९ हे इंजिन त्याला लावावे, असा विचार झाला. ते इंजिन मिळाले नाही. विमान कागदावरच राहिले.

आपली प्रतिकृती आहे ती याच कागदावरच्या विमानाची. ‘जर ते इंजिन मिळाले असते...’ हा आपला एकुलता एक ‘जर’.

आता बांधायला घेऊ. मरुतचे किट दुकानात सहज मिळत नाही. म्हणून तीन खोकी घ्यायची, तिन्ही एकास बहात्तर प्रमाणाची: एक हंटरचे, एक मिराज-३ चे आणि एक टोर्नेडोचे. हंटर का? कारण आपल्या हवाई दलाच्या या ब्रिटिश विमानाच्या आणि मरुतच्या नाकाची ठेवण जवळची आहे, आणि दोघांच्याही पुढच्या भागात तीस मिलिमीटरच्या चार तोफा आहेत. पण हंटरला इंजिन एकच आणि त्याची हवेची तोंडे पंखांच्या मुळाशी. मरुतची तोंडे धडाच्या दोन्ही बाजूंना, आणि त्यांत अर्ध्या शंकूसारखा फुगवटा. तसली तोंडे मिराजला असतात, म्हणून ती तिथून घ्यायची. इंजिनाच्या मागच्या नळ्या टोर्नेडोच्या.

कापण्यापूर्वी माप. खरे मरुत १५.८७ मीटर लांब. बहात्तरने भागले की बावीस सेंटिमीटर. हंटर चौदा मीटर; बहात्तरने भागले की १९.४ सेंटिमीटर. म्हणजे धड २.६ सेंटिमीटरने वाढवायला हवे. पंखांचे उलटे. मरुतचा पंखविस्तार नऊ मीटर, म्हणजे प्रतिकृतीत साडेबारा सेंटिमीटर, हंटरचा १०.२६ मीटर, म्हणजे सव्वाचौदा. तेव्हा दोन्ही टोकांकडून जवळजवळ नऊ-नऊ मिलिमीटर कमी करायचे, आणि पंखांचा मागे झुकलेला कोन थोडा वाढवायचा. शेपटीवरचे आडवे पंख हंटरला उभ्या शेपटीवर आहेत. मरुतला ते खाली, धडाला लागून. म्हणून ते सोडवून खाली आणायचे.

बारीक दातांच्या करवतीच्या पात्याने कापा. घाई नको. आधी सिमेंट न लावता सगळे भाग नुसते टेकवून पाहा, रबराने बांधून पाहा. समोरून, वरून आणि बाजूने, तिन्हीकडून पाहिल्याशिवाय चिकटवू नका. फटी राहतील. रंगारी लाकडात भरतात ती लांबी इथेही कामाला येते. भरा, सुकू द्या, पॉलिश पेपर ओला करून घासा, पुन्हा भरा. हे काम खिडक्या उघड्या ठेवून करावे, आणि मुलांच्या हाती पाते असेल तेव्हा मोठ्या माणसाने जवळ बसावे.

इथपर्यंत हातांचे काम झाले. खरी मौज यापुढे आहे, कारण आपण एक ‘जर’ धरला आहे आणि आता त्याचे ‘तर’ चुकवायचे आहेत.

पहिला ‘तर’ हवेचा. समजा, विहिरीवर तुम्ही तीन अश्वशक्तीची मोटार काढून साडेसात अश्वशक्तीची बसवली, पण विहिरीतला सक्शनचा पाइप आणि त्याच्या बुडाशी असलेला फुटबॉल जुनाच ठेवला. पाणी वाढेल का? मोटार नुसती कण्हेल. जेटचे तसेच आहे. आरबी-१९९ ला ऑर्फियसच्या जवळजवळ दुप्पट हवा लागते. तेव्हा मिराजची तोंडे आहेत तशी चिकटवून चालायचे नाही. मरुतची मूळ तोंडे किती होती ते मोजून त्यांहून मोठी करायला हवीत. पण किती मोठी? मुले पटकन म्हणतील, ‘दुप्पट रुंद, दुप्पट उंच.’ तसे केले तर क्षेत्रफळ चौपट होईल. क्षेत्रफळ दुप्पट हवे असेल, तर प्रत्येक बाजू सुमारे १.४ पट वाढवावी लागते. दोनाचे वर्गमूळ शिकवायला याहून चांगले निमित्त कोणते?

दुसरा ‘तर’ वजनाचा. नवे इंजिन जुन्यापेक्षा अर्ध्या टनाहून अधिक जड, आणि अशी दोन इंजिने शेपटीकडे. बैलगाडीत मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. विमान आकाशात उलाळ झाले तर वैमानिकाच्या हाती काही राहत नाही. म्हणून खऱ्या आराखडाकाराला नाक लांबवावे लागले असते किंवा जड यंत्रे पुढे सरकवावी लागली असती. गंमत अशी, की प्लॅस्टिकची प्रतिकृतीही हाच धडा देते. मागे नळ्या आणि लांबी भरली, की ती शेपटीवर बसते. मग नाकात एखादा लोखंडी नट चिकटवावा लागतो.

तिसरा ‘तर’ मागच्या भागाचा. टोर्नेडोच्या नळ्या प्रतिकृतीत साधारण खडूच्या जाडीच्या. त्या दोन्ही शेजारी बसवल्या की धड मागे रुंद होते आणि एकदम तुटल्यासारखे संपते. सुरंजन दास ज्या विमानाची चाचणी घेत होते त्याला हाच अडथळा नडत होता. म्हणून धड हळूहळू निमुळते होत नळ्यांना मिळेल, असा आकार पट्ट्या लावून आणि लांबी भरून काढावा लागतो. या एका जागेला बाकीच्या सगळ्या विमानाइतका वेळ लागतो.

यामागून बाकीचे येतात. इंजिन मोठे, तर इंधन जास्त. म्हणून पंखांखाली जादा टाक्या. वजन जास्त, तर चाके जाड आणि त्यांचे पाय मजबूत. वेग जास्त, तर पंख आणि शेपूट यांवरचा ताण जास्त. उतरताना वेग जास्त, तर धावपट्टी लांब हवी किंवा मागे उघडणारी छत्री हवी. मोजा म्हणजे कळेल: एका ‘जर’मागे दहा ‘तर’ उभे राहतात. ज्याने नुसती दुसऱ्या किटची नळी आणून चिकटवली आणि बाकी सारे तसेच ठेवले, त्याने खेळणे केले. ज्याने दहाही ‘तर’ पाळले, त्याने आराखडा केला. आणि त्याला एक गोष्ट आपोआप समजली, की बंगलोरच्या अभियंत्यांना दुसरे इंजिन उचलून मरुतमध्ये का घालता आले नाही. ‘आपल्या लोकांना साधे इंजिन बदलता आले नाही’ असे बोलणे सोपे असते. करवत हातात घेतल्यावर ते तोंडातून निघत नाही.

कोणी म्हणेल, हा सारा पोरखेळ. तर त्याला म्हणावे, धुळ्याहून आग्रा रोडने नाशिककडे चल. मालेगाव, चांदवड, पिंपळगाव बसवंत ओलांडले की ओझर लागते. तिथला विमानांचा कारखाना १९६४ साली मिग-२१ साठी उभा राहिला. सुरुवातीची मिग विमाने तिथे रशियाहून खोक्यांत आलेल्या सुट्या भागांतून जोडली गेली. मोठे किटच म्हणा. पुढे एकेक भाग इथेच बनू लागला. ते मिग-२१ पुढे २६ सप्टेंबर २०२५ रोजी हवाई दलातून निवृत्त झाले. त्याच ओझरला सुखोई-३० एमकेआय विमाने बांधली गेली. त्यांचे अंग रशियन, पण आतल्या यंत्रणांत फ्रान्स, इस्राएल आणि भारत यांचीही उपकरणे. म्हणजे निरनिराळ्या ठिकाणचे भाग एका अंगात नांदवणे हे खऱ्या कारखान्यातलेही मोठे काम आहे.

मात्र जोडणे आणि आखणे यांत अंतर आहे, आणि सर्वांत कठीण भाग इंजिनच आहे. आपले तेजस विमान ४ जानेवारी २००१ रोजी प्रथम उडाले. त्याच्यासाठी कावेरी नावाचे देशी इंजिन करायला घेतले होते. ते अपेक्षेइतके उतरले नाही, म्हणून तेजस अमेरिकन इंजिनावर उडते. २०२५ च्या ऑक्टोबरात ओझरला तयार झालेले पहिले तेजस आकाशात गेले, ही आपल्या भागाला अभिमानाची गोष्ट. पण बाहेरून येणारी इंजिने उशिरा आल्याने त्याच सुधारित तेजसचा पुरवठा रखडला, हेही त्याच काळात वर्तमानपत्रांनी छापले. मरुतचा प्रश्न साठ वर्षांनंतरही पुरता सुटलेला नाही. म्हणून म्हणतो, हा ‘जर’ हौसेचा नाही. तो आपल्या मुलांपैकी कोणीतरी पुढे सोडवायचा आहे.

शिक्षकांसाठी थोडे. किटे महाग असतात. तालुक्याच्या शाळेला तीन खोकी परवडतीलच असे नाही. अडून राहू नका. पुठ्ठा, जुन्या वह्यांची कव्हरे, रिकाम्या रिफिली, पेन्सिलीवर गुंडाळून केलेल्या कागदाच्या नळ्या, एवढ्यात हे विमान होते. प्रमाण मात्र सोडू नका. बहात्तर अवघड वाटला तर पन्नास धरा. मग खऱ्याचा एक मीटर म्हणजे प्रतिकृतीत दोन सेंटिमीटर. वर्गाचे गट पाडा. एका गटाकडे हवेची तोंडे, दुसऱ्याकडे वजन, तिसऱ्याकडे इंधन. आपला ‘तर’ काय आणि तो किती, हे प्रत्येक गटाने फळ्यावर लिहून दाखवायचे. सहल मुंबईला गेली तर नेहरू विज्ञान केंद्रात ठेवलेले खरे मरुत दाखवा. मुले ते आता नुसते पाहणार नाहीत, त्याची हवेची तोंडे शोधतील.

शेवटची गोष्ट रंगाची आणि खरेपणाची. पंखांवर हवाई दलाचे चक्र काढा: बाहेर केशरी, मग पांढरे, आत हिरवे. पण एखाद्या खऱ्या विमानाचा क्रमांक त्यावर घालू नका आणि खऱ्या तुकडीचा पराक्रम त्याच्या नावावर लिहू नका. प्रतिकृतीचा फोटो कोणीतरी मोबाइलवर पाठवतो, तो दहा गावांत फिरतो, आणि महिन्याभरात कोणीतरी शपथेवर सांगतो की असे विमान आपल्याकडे होते. खऱ्या माणसांनी खरे कष्ट घेतलेल्या इतिहासात अशी भेसळ करू नये. म्हणून पाटाखाली एक चिठ्ठी चिकटवा, तिचे दोन भाग करा. डावीकडे ‘झाले ते’: मरुत, १९६१, ऑर्फियस-७०३. उजवीकडे ‘झाले नाही ते’: नवे इंजिन, मोठी तोंडे, लांबलेले नाक. खाली वर्गाचे नाव आणि तारीख घाला.

ही चिठ्ठी ज्या मुलाला बिनचूक लिहिता आली, त्याला विमान समजले असे खुशाल धरावे.